कोळशाच्या गावचा हॅम्लेट

रिचर्ड बर्टन म्हटले की बहुतेकांना आठवते ती एलिझाबेथ टेलर, त्या दोघांची परस्परांशी झालेली दोन लग्ने आणि दोन घटस्फोट. वृत्तपत्रांनी या प्रकरणावर इतकी शाई खर्च केली की मूळ नट तिच्याखाली झाकला गेला. मला येथे त्या नटाविषयी लिहावयाचे आहे.

१० नोव्हेंबर १९२५ रोजी दक्षिण वेल्समधील पाँट्रिडिव्हेन या खेड्यात तो जन्मला. मूळचे आडनाव जेंकिन्स. वडील कोळशाच्या खाणीत कामाला; तेरा भावंडांत हा बारावा. दोन वर्षांचा होतो न होतो तोच आई गेली आणि थोरल्या विवाहित बहिणीने त्याला आपल्या घरी वाढविले. घरची बोली वेल्श. इंग्रजी ही त्याची मागाहून शिकलेली भाषा. ज्याच्या इंग्रजी वाणीवर पुढे लंडन लुब्ध झाले, त्याची ही गोष्ट आपल्यासारख्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मध्यंतरी शाळा सुटली आणि सहकारी भांडाराच्या कापड विभागात नोकरी धरावी लागली. पुन्हा शाळेत आल्यावर फिलिप बर्टन हे नाट्यवेडे शिक्षक त्याला लाभले. त्यांना तो दत्तक हवा होता. पण कायद्याला दोघांच्या वयात एकवीस वर्षांचे अंतर हवे, आणि वीस दिवस कमी पडले! मग १९४३ मध्ये ते त्याचे पालक झाले व शिष्याने गुरूचे आडनाव घेतले. मास्तर त्याला डोंगरावर नेत, शेक्सपिअरची भाषणे म्हणावयास लावीत आणि स्वतः दूरदूर जात. अट एकच : ओरडावयाचे नाही, पण शब्दन् शब्द पोचला पाहिजे. माझ्या मते त्याचे खरे नाट्यविद्यालय तेच.

त्याच वर्षी एम्लिन विल्यम्सच्या नाटकात पहिले काम, मग ऑक्सफर्डला सहा महिने, मग हवाई दल. १९५१ मध्ये स्ट्रॅटफर्डला राजपुत्र हालच्या भूमिकेने नाव झाले आणि हॉलिवुडचे बोलावणे आले. तरीही १९५३ मध्ये तो ‘ओल्ड विक’ मध्ये हॅम्लेट करावयास परतला. तेथे १९५६ मध्ये तो आणि जॉन नेव्हिल ऑथेल्लो व इयागो या भूमिका आलटून पालटून करीत. एका रात्री फसविणारा, दुसऱ्या रात्री फसणारा! दोन्ही माणसे आतून समजल्याशिवाय हे साधत नाही.

पैशाने त्याला पुष्कळदा भलतीकडे नेले, हे नाकारण्यात अर्थ नाही. ‘द रेन्स ऑफ रांचीपूर’ (१९५५) मधील त्याचा हिंदी डॉक्टर पाहवत नाही. पण पैशासाठी त्याने रंगभूमी सोडली, हा आरोप मला मान्य नाही. १९६४ मध्ये, ‘क्लिओपात्रा’ च्या गाजावाजानंतर, तालमीच्या साध्या कपड्यांत त्याने न्यूयॉर्कला हॅम्लेटचे १३७ प्रयोग केले. पडद्यावर पाहावयाचाच असेल तर ‘हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ?’ (१९६६) मधील प्राध्यापक पाहावा. ऑस्करसाठी सात वेळा नाव सुचविले गेले. एकदाही मिळाले नाही.

५ ऑगस्ट १९८४ रोजी तो स्वित्झर्लंडमध्ये वारला. दफन तेथेच झाले. अंगावर वेल्सचा तांबडा रंग आणि बरोबर डिलन टॉमसच्या कवितांचे पुस्तक. टॉमसच्याच ‘अंडर मिल्क वुड’ या नभोनाट्यात १९५४ साली तो निवेदक होता. ते ध्वनिमुद्रण आजही ऐकावयास मिळते.