विद्युत्‌घटावरील खेळ आणि चित्रगतीचे सातत्य

कळवणसारख्या तालुक्याच्या गावी वीज गेली म्हणजे लॅपटॉपवरील खेळ अडखळू लागतो, आणि विद्यार्थी साहजिकच शक्तीची मर्यादा सर्वाधिक करून ठेवतो. हा उपाय बहुधा उलटतो. प्रोसेसरचा वीजव्यय स्थूलमानाने वारंवारता व विभवाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. वारंवारता व विभव ही दोन्ही २० टक्क्यांनी उतरली, तर व्यय जवळजवळ निम्मा होतो. वेग मात्र पाचव्या हिश्श्यानेच घटतो. ५० वॉट-तासांचा घट ५० वॉटच्या भाराखाली तासाभरात रिता होतो, हे वेगळेच. शिवाय घटाची प्रवाह देण्याची क्षमता मर्यादित असल्याने यंत्र स्वतःच वेग एकाएकी खाली आणते, आणि डोळ्यांना खुपतो तो हा चढउतार होय. म्हणून विंडोजमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा ९९ टक्के ठेवून पाहावी. पुष्कळ यंत्रांत एवढ्यानेच त्याची टर्बो अवस्था बंद पडते. त्याबरोबर चित्रांची संख्या सेकंदास ६० वरून ३० वर बांधावी. प्रत्येक चित्रास मग सुमारे ३३ मिलिसेकंदांचा अवधी मिळतो. नेमबाजीच्या खेळात हा विलंब जाणवतो, बुद्धिबळात मुळीच नाही.