एसी बदलायचा कधी? मे महिन्यात नक्कीच नाही

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे शब्दांकन. बोलण्यातलं पाल्हाळ थोडं कमी केलंय.

गेल्या मे महिन्यात नागपूरहून आईचा फोन आला. "अरे, एसी नुसता वारा फेकतोय." बाहेर ४४ अंश, बाबांची बायपास झालेली, आणि रात्री कूलरवर भागत नव्हतं. टेक्निशियन तीन दिवसांनी आला, गॅस भरून गेला. दहा दिवसांत गॅस पुन्हा संपला, कारण गळती कुठे आहे हे कुणी शोधलंच नव्हतं. शेवटी मी पुण्यात बसून, दुकानात जो शिल्लक होता तो एसी फोनवरून घेतला. बसवायला आणखी चार दिवस लागले. तोवर बाबा काकांकडे झोपायला जात होते.

यात टेक्निशियनची चूक थोडी, माझी जास्त. तो एसी बारा वर्षांचा होता आणि आदल्या उन्हाळ्यापासूनच कुरकुरत होता. निर्णय दिवाळीनंतर निवांत घ्यायचा होता, मी तो मेवर ढकलला.

दुरुस्ती की बदल?

आधी बिघाड काय आहे ते विचारा. कपॅसिटर किंवा पंख्याची मोटर गेली असेल तर दुरुस्त करा, विषय संपला. गॅस कमी झाला असेल तर "भरून द्या" म्हणू नका, "गळती शोधा" म्हणा. एसीतला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतोय. कॉइल सडलीये, कॉम्प्रेसर गेलाय किंवा सर्किट बोर्ड वारंवार जळतोय, तर वय बघा. माझा ठोकताळा असा: एसी आठ-दहा वर्षांचा आणि दुरुस्ती नव्याच्या किमतीच्या एक तृतीयांशाहून जास्त, तर बदला.

पाटीवर आर-२२ लिहिलं असेल तर मोठा खर्च करूच नका. हा गॅस ओझोनच्या थराला घातक आहे आणि मॉन्ट्रियल करारानुसार त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद होतोय. त्या मशीनमध्ये आर-३२ भरून देतो असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून निरोप द्या. आर-३२चा दाब जास्त असतो आणि तो काही प्रमाणात ज्वलनशीलही आहे.

चालू एसी बदलावा का?

फक्त वीज वाचेल म्हणून? इथे हिशोब करा. लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते १६०० तासांच्या वापरावर काढलेले असतात. समजा ३ स्टारवर १००० युनिट आहेत आणि ५ स्टारवर ७६०. फरक २४० युनिटचा. दहा रुपये युनिट धरलं तर वर्षाला २४०० रुपये. ५ स्टारला आठ हजार जास्त मोजले तर ते साडेतीन वर्षांत सुटतात. पण तुमचा एसी वर्षाला ४०० तासच चालत असेल तर बचत ६०० रुपये, आणि पैसे सुटायला तेरा वर्षं! म्हणजे कमी वापराच्या घरात ३ स्टार पुरतो, आणि धडधाकट जुना एसी केवळ स्टारसाठी काढण्यात अर्थ नाही.

अजून एक गंमत. स्टारचे निकष मधूनमधून कडक होतात. जुलै २०२२ मध्ये असंच झालं आणि कालचे ५ स्टार ४ वर आले. म्हणून तुलना करताना स्टारपेक्षा आयएसईईआरचा आकडा बघा. जितका जास्त, तितका चांगला.

विदर्भवाल्यांनो, हे ऐका

एसीची क्षमता बाहेर ३५ अंश असताना मोजतात. ४५ अंशांत ती कमी होते. त्यामुळे वरच्या मजल्यावरची, पश्चिमेची भिंत तापणारी खोली असेल तर टनेज काटेकोर घेऊ नका, आणि जास्त तापमानाला किती क्षमता मिळते ते माहितीपत्रकात बघा. आउटडोअर युनिटवर सावली आणि मोकळी हवा हवी. ते कोंडलं तर महागडा एसीही हात टेकतो.

मग मुहूर्त कोणता?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दुकानदार घासाघीस ऐकून घेतो, आणि बसवणाऱ्याला घाई नसते. हे दुसरं जास्त महत्त्वाचं. जोडणी झाल्यावर व्हॅक्यूम पंप लावून पाइपातली हवा आणि ओल काढावीच लागते. मे महिन्यात दिवसाला सहा घरं करणारा माणूस नेमकं तेच गाळतो. जुन्या आर-२२चे पाइपही शक्यतो बदलून घ्या. आत जुनं तेल राहिलेलं असतं आणि नव्या गॅससोबतचं तेल वेगळं असतं.

तर या रविवारी एवढं करा: एसीच्या पाटीचा फोटो काढा. वर्ष, गॅस आणि शेवटची दुरुस्ती कधी झाली ते लिहून ठेवा. आई-वडील दुसऱ्या गावी असतील तर त्यांच्याकडूनही फोटो मागवा. "चालतोय ना" एवढ्यावर समाधान मानू नका. आमचाही चालतच होता.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!