सडा, घाटी, खाडी

मुंबईहून सावंतवाडीला निघालेला माणूस ६६ क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाने जातो आणि वाटेत कुठेही त्याला समुद्र दिसत नाही. महाड, चिपळूण, कणकवली ही सगळी गावं किनाऱ्यापासून बरीच आत. त्या महामार्गाच्या रुंदीकरणाविषयी चाकरमानी दर गणपतीत पुरेसं बोलतात, आपण नको बोलूया. प्रश्न वेगळा आहे: ‘कोकणचा’ म्हणवणारा मुख्य रस्ता समुद्राला पाठ करून का गेला?

उत्तर पाण्यात आहे. कोकणात सह्याद्री समुद्रापासून साधारण ५०-६० किलोमीटरवर उभा. त्याच्या पश्चिम उतारावरून निघालेल्या सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या आखूड, पण पावसाळ्यात दांडग्या. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १०० मीटरहून जास्त खाली होती. हिमयुग सरलं, पाणी चढलं आणि या नद्यांची मुखाकडची खोरी समुद्राने भरून टाकली. त्याच आपल्या खाड्या. भरतीचं पाणी त्यांतून पार आतपर्यंत शिरतं. म्हणूनच महाड आणि राजापूर ही आज आतली वाटणारी गावं एके काळी बंदरं होती. खाडी जिथे संपते आणि नदी आवाक्यात येते, तिथे पूल बांधणं स्वस्त. महामार्गाने तीच रेघ धरली.

किनारा धरून जाणारा रस्ताही आहे. रायगडमधल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंतच्या सागरी महामार्गाची कल्पना ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, बॅ. अंतुले मुख्यमंत्री असताना पुढे आली. अंतुले स्वतः सावित्रीच्या खाडीवरच्या आंबेतचे, तेव्हा खाडी आडवी येणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. महामार्ग हे नाव मात्र अजून कागदावरच शोभतं. प्रत्यक्षात हा कुठे दुपदरी, कुठे नारळ-पोफळीच्या आगरांच्या गडग्यांमधून जेमतेम एक गाडी जाईल असा रस्ता आहे. समोरून एसटी आली की कुणीतरी मागे जायचं असतं, आणि ते आपणच असतो.

पण या रस्त्याला एक चाल आहे, ती कळली की गाडी चालवण्यात मजा येते. गाव खाली, समुद्राला लागून. गाव संपलं की घाटी: दोन-चार तीव्र वळणं, पहिल्या गिअरचा चढ. वर आलात की एकदम सडा. जांभ्या दगडाचं सपाट, उघडं पठार. झाड जवळजवळ नाही, आभाळ मात्र भरपूर. मग पुन्हा उतार, खारफुटीचा वास आणि खाडी. ही चाल इतक्या वेळा येते की थोड्या सरावाने पुढचं वळण आधीच ओळखता येतं.

सड्यावरून लोक भरधाव निघून जातात, कारण रस्ता सरळ सापडतो. मला विचाराल तर थांबण्याची जागा तीच. उन्हाळ्यात करपलेला हा कातळ श्रावण-भाद्रपदात इंचभर मातीवर फुलांचे गालिचे अंथरतो. याच कातळावर माणसाने कोरलेली प्रचंड चित्रंही आहेत. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती इतका मोठा आहे की शेजारी उभं राहून तो हत्ती आहे हे कळत नाही. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी यांसारख्या ठिकाणची ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली.

आणि खाड्या. रेवदंड्याला पूल आहे. रत्नागिरीच्या खाली भाट्ये, पूर्णगड, जैतापूर इथेही आहे. मधल्या चार मोठ्या खाड्यांवर गाड्या वाहून नेते ती जंगलजेटी: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. दाभोळची सेवा २००३ साली सुरू झाली. त्याआधी माणसं होडीने पलीकडे जात, गाडीला मात्र चिपळूणचा वळसा.

या बोटीची युक्ती साधी आहे. तळ सपाट, पुढे खाली पडणारी लोखंडी फळी. किनाऱ्यावर उभा धक्का नसतो, पाण्यात उतरत गेलेला सिमेंटचा उतार असतो. भरती असो की ओहोटी, पाणी उताराला जिथे भेटतं तिथे बोट टेकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती-ओहोटीतला फरक मोठा, अष्टमीच्या भांगाला कमी. उधाणाच्या ओहोटीला उताराचा खालचा, शेवाळलेला भाग उघडा पडतो. दुचाकीवाल्यांनी तिथे ब्रेक जपून लावावा.

दाभोळच्या खाडीत आणखी एक गंमत आहे. कोयनेचं पाणी वीज तयार करून झाल्यावर वाशिष्ठीत सोडलं जातं. म्हणजे कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराला जायचं पाणी इथे अरबी समुद्राला मिळतं. या पाण्यावरून जाताना एका अंगाला बहामनी काळातलं नामांकित बंदर, आणि दुसऱ्या अंगाला अंजनवेलचा, एन्रॉनमुळे गाजलेला वीजप्रकल्प.

आता या खाड्यांवर मोठे पूल बांधायची योजना आहे. बागमांडला-वेसवीच्या पुलाचे वर्षानुवर्षं रखडलेले खांब पाहिलेला माणूस घोषणेने हुरळून जात नाही, पण पूल व्हायलाच हवेत. शेवटची फेरी गेल्यावर पलीकडचा रुग्ण मोठ्या इस्पितळात पोहोचवायचा तर रात्रीचा लांब वळसा पडतो. त्याला आपल्या पर्यटनाच्या हौसेचा काय उपयोग? माझा आक्षेप पुलांना नाही. सड्यावर सरळ रेघ ओढून चौपदरी काँक्रीट टाकण्याला आहे. सडा म्हणजे पडीक जमीन, हा समज चुकीचा. त्यावर पडणारं पावसाचं पाणी जांभ्यात मुरतं आणि पायथ्याच्या वाडीतल्या झऱ्यांना, विहिरींना मिळतं. खाडीवर पूल बांधा, गावाला वळणरस्ता द्या आणि सड्यावरचा रस्ता दुपदरीच ठेवा. एवढ्याने काम भागतं.

जायचं असेल तर मुंबई-रत्नागिरी एका दिवसात उरकण्याचा हट्ट सोडा. निदान एक मुक्काम धरा. श्रीवर्धन, हर्णै, गुहागर, कुठेही घरगुती सोय होते, पण जेवण आधी सांगून ठेवावं लागतं. गाडीचे ब्रेक तपासा, कारण घाट्यांचे उतार आखूड असले तरी उभे आहेत. आणि पुढच्या खाडीची शेवटची फेरी किती वाजता, हे सकाळीच विचारून घ्या. ती चुकली तर समोर दिसणाऱ्या गावाला पोहोचायला काही तास लागतात.