बंद पडण्यापूर्वीची जबानी

पासबुक हातात घेऊन माणसे रांगेत ताटकळतात आणि काउंटरवरून उत्तर येते, ‘नेटवर्क गेलंय.’ कधी तार तुटलेली असते, कधी राउटर कोलमडलेला असतो. माहितीला तिच्या वाटेला लावणारे हे यंत्र आतून संगणकच आहे. त्यात प्रोसेसर आहे, मेमरी आहे आणि दोघांना जोडणारा मार्ग आहे. त्या मार्गाला म्हणतात ‘बस’. हे ‘सर्वांसाठी’ अशा अर्थाच्या ‘ऑम्निबस’ या लॅटिन शब्दाचे शेपूट. आमच्या घरात मात्र ‘बस’ म्हणजे पुरे, आणि राउटर मान टाकतो तेव्हा मला हाच अर्थ पटतो.

प्रोसेसर मेमरीतल्या एखाद्या पत्त्यावर काही मागतो. तो पत्ताच अस्तित्वात नसेल, किंवा पत्ता खरा असून तिथून नीट उत्तर येत नसेल, तर होते ती ‘बस एरर’. पत्रावर पत्ता चुकीचा असेल तर दोष लिहिणाऱ्याचा. पत्ता बरोबर असून दार उघडत नसेल तर चौकशी त्या घराची करायची. सिस्को कंपनीच्या जुन्या राउटरमध्ये, कोसळताना मागितलेला पत्ता नोंदला जातो. ‘शो रीजन’ ही आज्ञा दिली की मेमरीच्या हद्दी दिसतात. पत्ता हद्दीबाहेरचा असेल तर दोष सॉफ्टवेअरचा. हद्दीतला असेल तर संशय यंत्राच्या भागांवर. एक खूण तर मला फारच आवडते. वापरून मोकळी केलेली मेमरी ‘०डी०डी०डी०डी’ अशा अक्षरांनी भरून ठेवतात. बिघाडाच्या नोंदीत हीच अक्षरे पत्ता म्हणून आली, की समजावे, कुणीतरी सोडलेल्या घरातली चिठ्ठी वाचून निघाला आहे.

दुसरा प्रकार ‘सॉफ्टवेअर फोर्स्ड क्रॅश’. इथे राउटर पडत नाही, स्वतःच थांबतो. मेमरीची बांधणी बिघडल्याचे त्याच्या लक्षात येते आणि चुकीची माहिती पुढे धाडण्यापेक्षा तो पुन्हा सुरू होणे पत्करतो. मला यात इमानदारी दिसते. रांगेतल्या माणसाला ती दिसावी, अशी अपेक्षा नाही.

माझा भाचा अशी यंत्रे सांभाळतो. पेन्शनच्या दिवशी एका शाखेतला राउटर वारंवार पडून पुन्हा उठत होता. हा पोहोचेपर्यंत कुणीतरी बटण बंद करून चालू केले होते. “मामू, मयत धुऊन झाल्यावर पंचनाम्याला बोलावलं,” तो म्हणाला. कोसळण्याचा माग दाखवणारी ‘शो स्टॅक्स’ची नोंद वीज घालवली की पुसली जाते. ‘क्रॅशइन्फो’ ही फाइल फ्लॅश मेमरीत टिकते, पण ती प्रत्येक यंत्रात मिळेलच असे नाही. त्या शाखेत ती नव्हती. मग अंदाजाने मेमरी बदलली, आणि राउटर पुन्हा पडला.

मेमरीतला एखादा बिट वैश्विक किरणांनीही उलटू शकतो. असा ‘पॅरिटी एरर’ एकदाच आला तर लक्ष ठेवायचे, वारंवार आला तर मेमरी बदलायची. लिनक्सच्या पायावरच्या नव्या राउटरमध्ये एक प्रक्रिया पडली म्हणून दर वेळी सारा डोलारा कोसळत नाही. जुन्यात सगळ्या प्रक्रियांची मेमरी एकच, त्यामुळे एकाची चूक सगळ्यांना भोवते.

भाच्याने आता त्या शाखेत स्विचवर कागद चिकटवला आहे: ‘बटण दाबण्याआधी फोन करा.’ खाली त्याचा नंबर आहे.