शिधा, तह आणि साखळदंड

ऑगस्ट १७४९. टेक्सासमधल्या सान अंतोनियो गावाच्या चौकात एक मोठा खड्डा खणण्यात आला. त्यात एक जिवंत घोडा, एक कुऱ्हाड, एक भाला आणि सहा बाण ठेवले गेले. लिपान अपाचे टोळ्यांचे चार म्होरके आणि स्पॅनिश कप्तान तोरिबिओ दे उरुतिया यांनी हातात हात घालून त्याभोवती तीन वेळा फेर धरला. मागोमाग मिशनचे पाद्री, गावकरी, टोळीतली माणसे असे सगळेच नाचले आणि खूण होताच साऱ्यांनी धावत जाऊन तो खड्डा घोड्यासकट बुजवून टाकला. वैर असे जमिनीत गाडले गेले. पण अपाचे या चौकात आले होते ते आपली माणसे परत मिळावीत म्हणून. स्पॅनिश सैन्याने धरून नेलेल्या त्यांच्या बायका-मुलांची सुटका हाच या तहाचा गाभा होता.

चित्रपटांनी जगाला ओळख करून दिलेला अपाचे हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, अमेरिकी घोडदळाशी झुंजणारा योद्धा आहे. त्याआधीची तीनशे वर्षे स्पॅनिश भाषेत घडली, आणि ती त्या चित्रात येतच नाहीत.

१५४१ साली स्पॅनिश सेनानी कोरोनादोची मोहीम यानो एस्ताकादोच्या अफाट माळावर पोचली, तेव्हा तिला बायसनच्या कळपांमागे हिंडणारे लोक भेटले. स्पॅनिशांनी त्यांची नोंद केरेचो अशी केली. बहुतेक अभ्यासक त्यांना अपाच्यांचे पूर्वज मानतात. त्यांच्याकडे घोडे नव्हते. कातड्याचे तंबू आणि सामान कुत्र्यांना जुंपलेल्या काठ्यांवरून ओढून नेले जाई. पेकोससारख्या शेतकरी पुएब्लो वस्त्यांशी त्यांचा व्यापार चाले: इकडून कातडी आणि मांस, तिकडून मका. त्यांची भाषा ज्या कुळातली, त्या कुळाच्या इतर भाषा आजही अलास्का आणि कॅनडात बोलल्या जातात.

अपाचे नावाचे राज्य कधीच नव्हते. हिकारिया, मेस्कालेरो, लिपान, चिरिकावा, पश्चिमेकडचे अपाचे अशा अनेक शाखा, आणि प्रत्येक शाखेत नात्यागोत्याने बांधलेली छोटी बिऱ्हाडे. लग्नानंतर नवरा बहुधा बायकोच्या माणसांत राहायला जाई. म्होरक्याचा शब्द चालायचा तो त्याच्या शहाणपणामुळे आणि उदारपणामुळे. तो पटला नाही, तर माणसे आपली बिऱ्हाडे उचलून दुसरीकडे जात. अशा समाजाशी तह करायचा म्हणजे नेमका कोणाशी करायचा? स्पॅनिश अधिकारी एका म्होरक्याशी बोलणी करत आणि दुसऱ्या डोंगरातल्या टोळीने धाड घातली की विश्वासघात झाला म्हणत. पुढच्या दोन शतकांतला बराच रक्तपात या गैरसमजातून झाला, असे मला वाटते.

आणि उरलेला माणसांच्या व्यापारातून. स्पॅनिश राजाने १५४२ सालीच मूळ रहिवाशांना गुलाम करण्यास बंदी केली होती. मात्र ‘न्याय्य युद्धात’ पकडलेल्यांच्या बाबतीत पळवाट काढण्यात आली. १६३१ साली आजच्या उत्तर मेक्सिकोतल्या पार्रालला चांदी सापडली, खाणींना मजूर हवे झाले आणि त्या पळवाटेचा राजमार्ग झाला. न्यू मेक्सिकोचे गव्हर्नर माळावरच्या अपाच्यांवर फौजा पाठवू लागले. पकडलेली माणसे दक्षिणेला खाणींकडे रवाना होऊ लागली. पेकोसच्या बाजारात आदल्या वर्षी कातडी विकून गेलेला माणूस पुढच्या वर्षी घोडे पळवायला आला, तर त्यामागे हा हिशेब होता.

अपाचे स्वतःही धाड आणि युद्ध यांत फरक करत. विसाव्या शतकात पश्चिमेकडच्या अपाचे वृद्धांनी ग्रेनव्हिल गुडविन या अभ्यासकाला तो नीट समजावून सांगितला आहे. अन्न सरले की जनावरे आणायला थोडी माणसे गुपचूप जात, आणि शक्यतो रक्त सांडू देत नसत. नातलग मारला गेला, तर त्याच्या आप्तांच्या हाकेवर मोठी टोळी निघे, आणि ती सूड घेण्यासाठीच. स्पॅनिश कागदपत्रांत दोन्ही एकाच रकान्यात पडतात.

अठराव्या शतकात उत्तरेकडून कोमांचे हे दुसरे मूळ रहिवासी आले आणि त्यांनी माळावरच्या अपाच्यांना दक्षिणेकडे रेटले. म्हणूनच लिपानांना स्पॅनिशांची दोस्ती हवी होती. त्यांच्यासाठी १७५७ साली सान साबा नदीकाठी मिशन उभे राहिले. वर्षभरातच, मार्च १७५८ मध्ये, कोमांचे आणि त्यांच्या मित्रांनी ते जाळले.

पुढची कलाटणी आली ती बेर्नार्दो दे गाल्वेसमुळे. तरुणपणी उत्तर मेक्सिकोतल्या चिवावाच्या सरहद्दीवर अपाच्यांशी लढताना तो जखमी झाला होता. मेक्सिकोचा स्पॅनिश व्हाइसरॉय झाल्यावर, ऑगस्ट १७८६ मध्ये, त्याने अधिकाऱ्यांसाठी जो आदेश काढला तो वाचून अंगावर काटा येतो. चांगल्या युद्धापेक्षा वाईट तह फायद्याचा, हे त्याचे सूत्र. अपाच्यांना भेटी द्या, दारूची चटक लावा, लांब नळीच्या पण कच्च्या बंदुका द्या, म्हणजे त्या मोडतील आणि दुरुस्तीला आपल्याकडेच येतील. जे तह मागणार नाहीत त्यांचा पिच्छा सोडू नका.

या धोरणातून जानोस, बाकोआची, तुसोन, कार्रिसाल अशा प्रेसिडिओंजवळ, म्हणजे सरहद्दीवरच्या लष्करी ठाण्यांजवळ, शांततेच्या वस्त्या वसल्या. १७९३ च्या सुमारास तिथे सुमारे दोन हजार अपाचे राहत होते. दर आठवड्याला शिधा मिळे: मका किंवा गहू, मांस, गुळाची ढेप, मीठ, विड्या. जानोसच्या दफ्तरात कुटुंबवार याद्या आहेत. कारकुनाने त्या शिध्याच्या हिशेबासाठी लिहिल्या. आज मात्र त्या काळच्या अपाचे कुटुंबांची इतकी तपशीलवार माहिती देणारे दुसरे साधन क्वचितच सापडेल.

गाल्वेसच्या मनात होते तसे मात्र हे लोक परावलंबी झाले नाहीत. शिकारीला आणि मेस्कालसाठी ते परवानगी घेऊन, कधी न घेताही, डोंगरात जात. आपल्याकडे बांधावर दिसणाऱ्या घायपाताच्या जातकुळीतल्या वनस्पतीचा गड्डा बायका खणून काढत, तापल्या दगडांच्या खड्ड्यात पुरून भाजत आणि वाळवून साठवत. मेस्कालेरो हे नाव त्यावरूनच पडले. मुलगी वयात आल्यावरचा चार दिवसांचा सोहळा चालू राहिला. तो आजही होतो. स्पॅनिश पत्त्यांचा खेळ मात्र त्यांनी मनापासून उचलला. कच्च्या कातड्याचे चाळीस पत्ते कापून त्यावर तलवारी, प्याले, नाणी आणि सोटे त्यांनी आपल्या हाताने, आपल्या रंगांत रंगवले. असे जोड अमेरिकेतल्या संग्रहालयांत आहेत. हुकमाने लादलेले टाळायचे आणि आवडले ते आपल्या घडणीत बसवायचे, ही रीत त्या पत्त्यांत मला स्पष्ट दिसते.

ज्यांनी तह केला नाही, किंवा करून मोडला, त्यांची वाट निराळी होती. मारलेल्यांच्या कानांच्या जोड्या पुरावा म्हणून पाठवल्या जात. जिवंत सापडलेल्या पुरुषांना, बायकांना आणि मुलांना साखळीत गुंफून चिवावाहून मेक्सिको शहराकडे चालवत नेत. तिथून वेराक्रूझ आणि पुढे जहाजाने हवाना. वाटेत देवीने आणि उपासमारीने अनेक मेले. मुले वाटेतल्या घरांत ‘वाढवायला’ दिली जात, म्हणजे नोकर म्हणून. क्युबात पोचलेल्यांपैकी काही जण रानात पळाले आणि मळ्यांवर धाडी घालत राहिले. इकडे जानोसला आठवड्याचा शिधा घेणाऱ्या बाईचा भाऊ किंवा लेक त्या साखळीत असू शकत होता. १७८६ नंतरच्या काळाला इतिहासाच्या पुस्तकांत शांततेचा काळ म्हणतात, तेव्हा ही साखळी विसरता कामा नये.

तरीही जानोसमध्ये नाती जुळली. तिथला चिरिकावा म्होरक्या एल कोंपा १७९४ मध्ये वारला, तो स्पॅनिशांचा भरवशाचा मित्र म्हणून. त्याचा मुलगा हुआन होसे ठाण्याच्या शाळेत लिहायला-वाचायला शिकला. १८१० नंतर मेक्सिकोच्या स्वातंत्र्ययुद्धाने खजिना आटला, शिधा घटत गेला आणि १८३१ मध्ये तो बंद झाला. धाडी पुन्हा सुरू झाल्या. मेक्सिकोच्या सोनोरा राज्याने १८३५ साली आणि शेजारच्या चिवावा राज्याने १८३७ साली अपाच्यांच्या टाळूवर बक्षीस लावले. लिहिता-वाचता येणारा हुआन होसे कोंपा दोन्ही बाजूंशी बोलू शकणाऱ्या मोजक्या माणसांपैकी होता. एप्रिल १८३७ मध्ये आनिमास डोंगरात जॉन जॉन्सन नावाच्या अमेरिकनाने व्यापाराच्या मिषाने त्याच्या माणसांना जमवले आणि लपवून आणलेल्या छोट्या तोफेचा मारा केला. हुआन होसे तिथेच पडला. पुढे चिरिकावांचे नेतृत्व मांगास कोलोरादासकडे गेले, आणि तो लढणारा होता.

जानोसशी असलेला सौदा मात्र इतक्या सहज तुटला नाही. मार्च १८५१ मध्येही अपाचे पुरुष गावात देवघेव करत होते आणि त्यांची बिऱ्हाडे गावाबाहेर उतरली होती. सोनोराचा सेनानी होसे मारिया कारास्को हद्द ओलांडून चिवावात आला आणि त्याने त्या तळावर हल्ला केला. मेलेल्यांत एका तरुणाची आई, बायको आणि तीन मुले होती. त्या तरुणाला जग पुढे जेरोनिमो म्हणून ओळखू लागले.