झडप केव्हा बदलावी?

डांबरी रस्ता सोडून वाळू, चिखल आणि दगडगोटे यांतून धावणाऱ्या मोटारसायकलींच्या शर्यतीत वेगाचे कौतुक सर्वांनाच असते. परंतु तो वेग ज्या लहान अवयवांवर अवलंबून असतो, त्यांची आठवण ते मोडल्यावाचून सहसा होत नाही. इंजिनातील झडपा, म्हणजेच व्हॉल्व्ह, हे त्यांपैकीच होत.

चार-स्ट्रोक इंजिनात काही झडपा हवा व पेट्रोल यांचे मिश्रण आत घेतात, काही जळलेला वायू बाहेर सोडतात; आणि ठिणगी पडते त्या क्षणी सर्वच घट्ट मिटलेल्या असाव्या लागतात. इंजिनाचे मिनिटास 10,000 फेरे होत असतील, तर तेवढ्या अवधीत प्रत्येक झडप 5,000 वेळा उघडून आपल्या बैठकीवर आदळते. ती हलकी असावी म्हणून शर्यतीच्या अनेक इंजिनांत मिश्रण आत घेणाऱ्या झडपा टायटॅनियमच्या करतात. हा धातू पोलादाहून सुमारे 40 टक्के हलका आहे. तथापि तो घर्षणास टिकत नाही, म्हणून त्यावर कठीण व अत्यंत पातळ लेप चढवितात. एअर फिल्टरमधून निसटलेली बारीक धूळ हाच लेप खरवडून काढते. आणि एकदा तो गेला की पुढची झीज झपाट्याने होते.

ही झीज डोळ्यांना दिसत नाही, पण मोजता येते. झडप मिटलेली असताना तिला दाबणारी यंत्रणा आणि कॅम यांच्यामध्ये मिलिमीटरच्या एक ते तीन दशांशाएवढी फट ठेवलेली असते. मिस्त्री लोक तिला ‘टॅपेट’ म्हणतात, आणि इंजिन थंड असताना फीलर गेजच्या पात्यांनी ती मोजतात. झीज झाली म्हणजे फट वाढेल, असे कोणासही वाटेल; येथे मात्र नेमके उलट घडते. झडपेची कड झिजली की ती बैठकीत अधिक खोल जाते, तिचा दांडा वर सरकतो आणि फट कमी होते. फट अजिबात उरली नाही, तर झडप पूर्णपणे मिटत नाही. मग तापलेला वायू कडेने गळू लागतो, बैठकीला टेकून उष्णता सोडून देण्याची सोय नाहीशी होते आणि झडप जळू लागते. तिचे डोके तुटून आत पडले, तर पिस्टन आणि सिलिंडरही हातचे जातात.

फट पूर्ववत करण्यासाठी अधिक पातळ शिम बसविण्याची सोय असते. नव्या झडपेची बैठक जमताना असा एखादा बदल करावा लागला, तर त्यात वावगे काही नाही. परंतु बराच काळ स्थिर राहिलेली फट कमी होऊ लागली, शिम बदलला, आणि थोड्याच तासांच्या धावेनंतर ती पुन्हा कमी झाली, तर लेप संपला असे समजावे. अशा वेळी आणखी पातळ शिम घालणे म्हणजे दुखणे तसेच ठेवून ताप मोजण्याची नळी बदलणे होय. टायटॅनियमची झडप पोलादी झडपेप्रमाणे घासून बसविताही येत नाही, कारण घासण्याने उरलासुरला लेपही निघून जातो. नवी झडप बसविताना तिची बैठकही नीट कापून घ्यावी. वाकलेली झडप तर कोणतेही मोजमाप न पाहता बदलावी.

इंजिन सुरू होण्यास त्रास देऊ लागले, की सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून पाहावे. फूत्कार हवा आत येण्याच्या वाटेने ऐकू आला, तर आतली झडप गळते. सायलेन्सरमधून आला, तर बाहेरची.

या दक्षतेचे मोल डाकार शर्यतीत कळते. 2015 साली, ती दक्षिण अमेरिकेत होत असताना, सी. एस. संतोष हे ती पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. 2020 पासून ती सौदी अरेबियात होते. तेथे इंजिन बदलल्यास वेळेचा दंड बसतो आणि काही मुक्कामी मिस्त्रीची मदतही घेता येत नाही. म्हणून प्रत्येक तपासणीची तारीख, इंजिन चालल्याचे तास आणि सापडलेली फट यांची नोंद वहीत ठेवावी. झडप केव्हा बदलावी, याचे उत्तर एका मोजमापात नसते. ओळीने लिहिलेल्या चार आकड्यांत ते स्वच्छ दिसते.