लांडगा-कोळ्याची आई

कोळीण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मासळीची पाटी येते. आजची कोळीण मात्र आठ पायांची आहे. भातखाचराच्या बांधावरून जाताना एखादा करडा कोळी पायांपुढून सुर्रकन पळतो आणि त्याच्या मागे वाटाण्याएवढी गोळी असते, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. त्या गोळीत तिची अंडी असतात. हा लांडगा-कोळी. जाळे विणून वाट पाहत बसणे याच्या स्वभावात नाही. धावत जाऊन भक्ष्य धरायचे, म्हणून हे नाव.

मादी जमिनीवर रेशमाची चकती विणते, तिच्यावर अंडी घालते, वरून दुसरे आच्छादन घालून कडा सांधून टाकते. मग ती पिशवी पोटाच्या टोकाला, जिथून तंतू निघतात तिथेच, चिकटवते आणि शिकारीलाही तशीच जाते. एवढे ओझे कशाला, असे तुम्ही म्हणाल. अहो, अंड्यांवर टपलेल्या चिमुकल्या गांधीलमाश्या काय थोड्या आहेत? पिशवी बेवारस सापडली की त्या आपली अंडी तिच्यात घालतात. त्यांच्या अळ्या आतली अंडी खाऊन टाकतात.

या राखणीची कसून परीक्षा घेतली ती दक्षिण फ्रान्समध्ये, झां आंरी फाब्र (१८२३–१९१५) या कीटकशास्त्रज्ञाने. तिकडची याच कुळातली मोठी कोळीण बिळात राहते. तीन-चार आठवडे ती बिळाच्या तोंडाशी येऊन पिशवी मागच्या पायांत धरते आणि हळूहळू फिरवत उन्हात शेकते. फाब्रने चिमट्याने पिशवी ओढली, तेव्हा तिने ती छातीशी कवटाळली आणि चिमट्याला असे दात लावले की पोलाद करकरले!

पण पुढची गंमत ऐका. पिशवी काढून त्याने तेवढीच बुचाची गोळी पुढे टाकली. बाईसाहेबांनी ती उचलली आणि तितक्याच निष्ठेने मिरवली! मला तर यात हसण्यासारखे काही वाटत नाही. रानात तिच्या पायांशी बूच कोण आणून टाकणार?

अंडी फुटली की दोनएकशे पिल्ले आईच्या पाठीवर चढतात. काही पिल्ले फाब्रने कुंचल्याने झटकून दुसरीच्या जवळ पाडली, तर ती सरळ तिच्या पाठीवर चढली. तिनेही हरकत घेतली नाही. मार्च महिना आला की ती गटागटाने उतरतात, उंच जागी चढतात आणि रेशमाचा धागा वाऱ्यावर सोडून निघून जातात. आई वळूनही पाहत नाही.